सांभाळायला दिलेला गोटा

टाचणीमावशींच्या तोंडात कामाच्या वेळी किमान चार टाचण्या असत, आणि कामाची वेळ म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. त्यामुळे उत्तम सल्लागार म्हणून त्यांचा गावात लौकिक होता. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राही, मावशी खाली बसून त्याच्या पँटची दुमड टाचत, आणि वरून गिऱ्हाईक बोलत राही: सुनेचं, साहेबांचं, दुखऱ्या दाढेचं. मावशी "हं" म्हणत. तोंडात टाचण्या असल्यावर माणसाला याहून जास्त शहाणपण सांगता येत नाही. दुमड पुरी होईतो गिऱ्हाइकाचं आपलं आपणच ठरलेलं असे, आणि बाहेर पडून ते चार जणांना सांगे की मावशींनी कसं नेमकं बोट ठेवलं.

नवे कपडे त्या शिवत नसत. आखूड करणं, सैल करणं, अस्तर बदलणं, चेन बसवणं, एवढंच. नवं शिवायला कापड आणि घमेंड पुरते, असं त्यांचं मत होतं. जुनं दुरुस्त करायला माणूस ओळखावा लागतो. नवरा बोटीवर इंजिनखोलीत होता. वर्षातून दोन महिने घरी येई, आणि ते दोन महिने तो समुद्राकडे सुट्टीवरचा कारकून कचेरीकडे बघतो तसा बघे. मावशींना मात्र समुद्राशिवाय सकाळ होत नसे. सहाला घरातून निघायचं, बांधावरून जागोजागी उतरणाऱ्या पायऱ्यांपैकी तिसऱ्या पायऱ्यांनी खाली जायचं, पाण्याच्या कडेकडेने मोडक्या धक्क्यापर्यंत जायचं आणि परत. जाताना हात मोकळे, येताना पिशवी जड. लाटांनी घासून गुळगुळीत केलेल्या काचा, शिंपले, गोटे, एकदा तर कुठल्याशा गणवेशाचं पितळी बटण.

हे सगळं जायचं गिऱ्हाइकांच्या खिशात. दुरुस्त झालेला प्रत्येक कपडा खिशात काहीतरी घेऊनच दुकानाबाहेर पडे. कारण विचारलं तर मावशी म्हणत, रिकामा खिसा परत द्यायला बरं वाटत नाही.

सुरुवातीला लोकांच्या प्रामाणिकपणाचा फार त्रास झाला. पोस्टमन एकच शिंपला दोनदा परत द्यायला आला. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी एक काच पाकिटात घालून पाठवली, सोबत चिठ्ठी: "आपली वस्तू आमच्या कोटात राहिली. यापुढे काळजी घ्यावी." ही वस्तू राहिलेली नसून ठेवलेली आहे हे गावाच्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली. त्यानंतर मुख्याध्यापिकाबाई तोच कोट दर हिवाळ्याला आखूड करायला पाठवू लागल्या. आता त्याचं जाकीट व्हायला फार काही उरलं नव्हतं.

या देण्याघेण्याला मावशींचा एक नियम होता. कपडा पुन्हा दुरुस्तीला आला आणि खिशात जुनी भेट सापडली, की ती काढून दाराजवळच्या परतीच्या पिशवीत टाकायची, दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी तिसऱ्या पायऱ्यांशी उपडी करायची, आणि खिशात नवं काहीतरी ठेवायचं. समुद्राचं समुद्राला.

दुकानात दुसरी खुर्ची होती मावशींच्या नणंदेची. काजं आणि बटणं हे तिचं खातं. बावीस वर्षं ती त्याच खिडकीशी, त्याच डब्यातून बटणं निवडत बसलेली होती, आणि बावीस वर्षं भावजयीच्या या दानधर्माबद्दल तिचं मत बदललं नव्हतं.

"वाटत बस दगडं," ती म्हणे. "समुद्र काय तुझ्या माहेरचा आहे."

स्वतः ती किनाऱ्यावर कधी गेली नाही. वाळू चपलेत जाते, हे तिचं कारण होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

एका मंगळवारी कंपाउंडरकाका कोट घेऊन आले. चाळीस वर्षं दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधून ते निवृत्त झाले होते, पण पुडी बांधायची भाषा काही सुटली नव्हती. अस्तर बदलायचंय, म्हणाले, घाई नाही, दोन दिवसांआड एकदा चौकशी करीन. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांचा रस्ता घर ते वाचनालय आणि वाचनालय ते घर एवढाच होता. समुद्र तीन गल्ल्या पलीकडे, पण तो त्यांच्या वाटेवर पडत नसे.

कोटाच्या आतल्या खिशात मावशींना एक गोटा सापडला. राखाडी, त्यावर एक पांढरी रेघ. हा कोट चार-पाच वर्षांपूर्वी बाहीसाठी येऊन गेला होता हे त्यांना आठवलं. आपलीच जुनी भेट, आणि तीही अशी साधी, याची त्यांना थोडी लाजच वाटली. गोटा परतीच्या पिशवीत गेला. बुधवारी सकाळी पिशवी तिसऱ्या पायऱ्यांशी उपडी झाली. गुरुवारी कोट नव्या अस्तरासह आणि खिशात एक झकास हिरवी काच घेऊन घरी पोचला.

शुक्रवारी दुकान उघडायच्या आधीच कंपाउंडरकाका दारात उभे होते. तळहातावर ती हिरवी काच, दुसऱ्याच्या नावाची पुडी चुकून आपल्याकडे आल्यासारखी.

"हे माझं नाही," ते म्हणाले. "माझा गोटा कुठे आहे?"

मावशींच्या तोंडात अजून टाचण्या नव्हत्या. त्यामुळे गप्प बसायला सबबही नव्हती.

मग काकांनीच सांगितलं, उभ्या उभ्या, औषध कसं घ्यायचं ते सांगावं तसं. बायकोच्या कपड्यांना खिसे नसायचे. दोघं किनाऱ्यावर फिरायला गेली की तिला जे सापडेल ते ती यांच्या हातात देई. धरा जरा, म्हणे. घरी आल्यावर परत मागे आणि खिडकीत मांडून ठेवी.

"हा एक मागायचा राहिला," काका म्हणाले. "म्हणून माझ्याकडे होता."

आपण काय केलंय ते मावशींच्या लक्षात आलं. पण तोंडातून भलतंच निघालं: इथेच कुठेतरी असेल, संध्याकाळपर्यंत बघून ठेवते. हिरवी काच टेबलावर ठेवून काका गेले. नणंद सुईत दोरा ओवत होती, आणि आज तो काही केल्या ओवला जात नव्हता.

"दगड तो दगड," ती वर न बघता म्हणाली. "तसलाच एक शोधून दे. त्याच्यावर काय नाव कोरलंय?"

माणसाची मती गुंग झाली की त्याला कुणाचंही म्हणणं पटतं. भर दुपारी दुकानाला कुलूप लावून मावशी किनाऱ्यावर गेल्या. आपला गोटा शोधायला गेलेल्या माणसाला पहिल्यांदा कळतं की समुद्राकडे गोटे किती आहेत. दोन तास वाकून वाकून त्यांनी एक काढला: राखाडी, पांढऱ्या रेघेचा, हुबेहूब. संध्याकाळी तो काकांच्या हातावर ठेवला.

काकांनी तळहात जरासा खालीवर केला.

"दोन ग्रॅम जास्त आहे," ते म्हणाले. "आणि याची रेघ पोटावर आहे. तिच्या गोट्याची गळ्याशी होती."

चाळीस वर्षं ज्या हाताने पुड्या बांधल्या त्या हाताला फसवायला निघालो होतो, या विचाराने मावशींच्या कानशिलांपर्यंत आग गेली. मग त्यांनी सगळं सांगितलं. परतीची पिशवी, नियम, तिसऱ्या पायऱ्या. काही लपवलं नाही, आणि माफीही मागता आली नाही, कारण मागायला तोंडच उरलं नव्हतं.

काका स्टुलावर बसले. बराच वेळ ते नव्या अस्तरावरून हात फिरवत होते. मावशींना वाटलं, आता उठतील, जातील आणि पुन्हा या दुकानाची पायरी चढणार नाहीत.

"तिसऱ्या पायऱ्यांशी नेमकं कुठे?" काकांनी विचारलं. मग स्वतःशीच ठरवल्यासारखे म्हणाले, "दिवसातून दोनदा जाऊ. सकाळी आणि संध्याकाळी. दहा दिवस. तेवढ्यात गुण आला नाही तर बंद."

तर अशा रीतीने अकरा वर्षांनी कंपाउंडरकाका समुद्रावर गेले, तेही पॉलिश केलेल्या बुटांत. तिसऱ्या दिवशी बूट हातात होते. चौथ्या दिवशी बूट घरीच राहिले. शोधायचा होता राखाडी गोटा, पण काकांची नजर फितूर झाली. हा शिंपला बघा, ते मावशींना दाखवत. या खेकड्याचा डावा डोळा जरा तपासायला हवा. ती लाट अगदी बाटली हलवल्यासारखी फेसाळली की नाही. पुढच्या क्षणी त्यांना आपण कशासाठी आलो ते आठवे, आणि ते मान खाली घालून पुन्हा कामाला लागत.

बातमी लपणं शक्यच नव्हतं. ज्यांच्या ज्यांच्या खिशात मावशींचं काहीतरी होतं, म्हणजे जवळपास सगळं गाव, ते गोटे घेऊन दुकानात येऊ लागलं. काकांनी घरून जुना तराजू आणून आरशाशेजारी मांडला आणि संध्याकाळी तासभर तपासणी सुरू केली. मुख्याध्यापिकाबाईंनी चार गोटे आणले, गुणानुक्रमे लावलेले. इस्त्रीवाल्याने आणलेला गोटा एवढा होता की त्याने इस्त्री करता आली असती. काका प्रत्येकाचं वजन करत, रेघ बघत, आणि "हा नाही, पण प्रकृती उत्तम आहे" असं सांगून परत देऊ करत. नामंजूर गोटे कुणी परत नेईना, म्हणून ते काकांच्याच खिशात जात. मग वाटेत भेटेल त्याच्या हातावर काका एकेक ठेवत सुटत. सहाव्या दिवशी पोस्टमनशी बोलताना ते मोठ्याने हसले. तो आवाज इतका अनोळखी होता की समोरच्या दुकानातून दोन माणसं बाहेर येऊन बघून गेली.

फक्त मावशी हसल्या नाहीत. त्या दहा दिवसांत त्यांनी एकाही खिशात काही ठेवलं नाही. लोक कपडा घेत, सवयीने खिसा चाचपत, आणि पायऱ्या उतरत. नणंदेचंही काहीतरी बिनसलं होतं. तिने एका सदऱ्याला सहा बटणांच्या जागी सात काजं केली, आणि बटणांचा डबा रोज काखेत मारून घरी नेऊ लागली. मावशींनी विचारलं तर म्हणाली, काय करू, गावात दगडांचे चोर झालेत, उद्या बटणांचे होतील.

दहाव्या दिवशी संध्याकाळी काका तराजू न्यायला आले. गुण आला नाही, म्हणाले. ठरलं होतं तसं बंद. उद्यापासून सकाळी तुम्ही माझ्यासाठी थांबू नका. मग वाचनालय ते घर, घर ते वाचनालय, हे त्यांनी म्हटलं नाही, पण मावशींना ते स्पष्ट ऐकू आलं. त्या एक दुमड टाचत होत्या. तोंडात चार टाचण्या होत्या.

नणंद खिडकीतून उठली. तिने बटणांचा डबा उघडला, बटणांत हात घातला, आणि तराजूच्या पारड्यात एक राखाडी गोटा ठेवला. रेघ गळ्याशी होती.

काकांनी वजन केलं नाही. गोटा उचलून मूठ मिटली.

"मंगळवारीच पिशवीतून घेतला होता," नणंद भिंतीला सांगावं तसं म्हणाली. "वहिनी तो टाकणारच होती. शुक्रवारी सांगणार होते, पण दगड तो दगड म्हणून बसले. मग रोज सांगणं आणखी जड होत गेलं."

मग ती मावशींकडे वळली.

"सगळ्या गावाच्या खिशात घालतेस, वहिनी. माझ्या झग्याला खिसा नाही. बावीस वर्षं."

मावशींनी टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या आणि मनगटावरच्या छोट्या गादीत खोचल्या. चार टाचण्या काढायला एवढा वेळ आजवर कधी लागला नव्हता.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "झगा काढून द्या."

"आत्ता?"

"आत्ता. आत माझा दुसरा आहे तो घाला."

कंपाउंडरकाकांनी सभ्यपणे खिडकीबाहेर तोंड केलं. मूठ अजून मिटलेलीच होती. गोटा बटणांत ठेवला ते फार चांगलं झालं, ते बाहेर बघतच म्हणाले. अशा वस्तू कोरड्या जागी, उन्हापासून लांबच ठेवाव्यात. नणंदेला यावर हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं, आणि वर काकांना सुनावलं की तराजू इथून हलवायचा नाही, बटणं मोजायला बरा पडतो.

दुसऱ्या दिवशी सहाला मावशी तिसऱ्या पायऱ्यांशी पोचल्या तर काका आधीच खाली उभे होते, अनवाणी. बंद होणार होतं ना, मावशींनी विचारलं.

"गुण आलाय," काका म्हणाले. "गुण आला की औषध एकदम तोडायचं नसतं. हळूहळू कमी करायचं."

ते अजून कमी झालेलं नाही.

मागून नणंद उतरत होती, प्रत्येक पायरीवर वाळूला नावं ठेवत. झग्याला नवा खिसा होता. मावशींनी तो अपराधी मनाने कापला असावा, कारण हात कोपरापर्यंत आत जाई. तळाशी हिरवी काच होती. नणंदेला ती सकाळीच सापडली होती, पण त्याबद्दल ती चकार शब्द बोलली नव्हती, फक्त हात खिशातून बाहेर काढत नव्हती.

मोडक्या धक्क्याजवळ ती थांबली, वाकली, आणि वाळूतून एक शिंपला उचलला. साधाच, एका बाजूने टवका गेलेला. तिने तो उलटसुलट बघितला आणि मावशींपुढे केला.

"धर जरा."

"खिसा दिलाय की आता," मावशी म्हणाल्या.

"ओलं कशाला घालू त्यात? नवा आहे."

मावशींनी शिंपला धरला. नणंदेने तो अजून परत मागितलेला नाही.