भिंत हुंगणारे बडे बाबू

कोणत्याही विकाऊ घरात शिरले की बडे बाबू आधी चप्पल काढायचे, मग चष्मा काढायचे आणि मग भिंतीला नाक लावायचे. घरमालक समोर उभा असला तरी. दोन-तीन भिंती हुंगून झाल्या की वळायचे आणि विचारायचे, "काहून?"

घर चांगलं असलं तर "मग विकून काहून राहिला?" स्वस्त असलं तर "स्वस्त काहून?" आणि महाग असलं तर अर्थातच "इतकं महाग काहून?"

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. आमच्याकडे ते हेडक्लार्क होते, म्हणून बडे बाबू. रायपूर राजधानी झालं तेव्हा भोपाळहून ट्रक भरून फायली आल्या. त्यातली प्रत्येक फाईल त्यांनी सुतळी सोडून पाहिली होती म्हणे. बाहेर एक नाव आणि आत दुसरेच कागद असतील तर? डिस्पॅचच्या दीदींनी एकदा पेढा पुढे केला, तर तो हातात धरून म्हणाले, "आज ना सण, ना वार. पेढा काहून?" दीदींची मुलगी पास झाल्याचं कळलं तेव्हा कुठे तोंडात टाकला.

दुपारी एकच्या ठोक्याला ते ऑफिसमागच्या सरकारी क्वार्टरमध्ये जेवायला जायचे. त्या क्वार्टरचा उंबरठा आमच्यापैकी कोणीच ओलांडला नव्हता. फाईल घेऊन गेलं की ते फाटकातच घ्यायचे आणि दार ओढून घ्यायचे.

"काय लपवून ठेवलं बाप्पा एवढं घरात?" दीदी म्हणायच्या.

मी रायपूरजवळच्या अभनपूरचा. बाबा मंडीत हमाली करायचे. घरात पहिला पदवीधर मीच, त्यामुळे नोकरी लागली तरी नोटशीट, म्हणजे फाईलवरची टिपणी, कशी लिहितात हे सांगणारं कोणी नव्हतं. माझी पहिली नोटशीट बडे बाबूंनी चार वेळा परत केली. पाचव्या वेळी शेजारी खुर्ची ओढली आणि एकेक वाक्य लिहून घेतलं. ते उपकार मी विसरलेलो नाही. म्हणून घर घ्यायचं ठरलं तेव्हा मी त्यांनाच सोबत चला म्हणालो.

घर हवंच होतं. पोती वाहून बाबांची कंबर गेली होती. आई-बाबा दोघांना माझ्याजवळ आणायचं होतं, पण रायपुरात तात्यापाऱ्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत मालक तिसरं माणूस राहू द्यायला तयार नव्हता. बँकेनं कर्ज मंजूर केलं, तेही एका बेडरूमच्या फ्लॅटपुरतं, आणि ते पत्र महिनाअखेरीपर्यंतच चालणार होतं.

बडे बाबूंनी तीन फ्लॅट नापास केले. एकात ओल, एकात कागद अर्धे, आणि तिसऱ्यात काय, ते त्यांनी सांगितलंच नाही. महिन्याचे नऊ दिवस उरले.

"भैया, ते तुले घर घेऊ देत नाहीत," दीदी हळूच म्हणाल्या. "कोण्या बिल्डरसंग सेटिंग असन त्यांची."

मी हसलो. पण खरं सांगतो, ते मनात रुतून बसलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर नजर ठेवू लागलो. ज्यांनी मला लिहायला शिकवलं, त्यांच्यावर.

चौथा फ्लॅट शहराबाहेर वसत असलेल्या नव्या राजधानीच्या रस्त्याकडे, तिसऱ्या मजल्यावर होता. खिडकीतून धानाची शेतं दिसत होती. दलाल म्हणाला, "सर, अभी खेत है, दो साल में यही सिटी का सेंटर होगा।"

"और दो साल तक हम खेत की मेंड़ पे बैठें?" बडे बाबू म्हणाले.

फ्लॅटचा मालक भनपुरीच्या एका गोदामात कामाला होता. चाळिशीचा, खाली बघून बोलणारा. बदली झाली, म्हणून विकतोय, म्हणाला. भाव आजूबाजूच्या फ्लॅटपेक्षा कमी होता. मला घर आवडलं होतं. बाबांची खाट कुठे टाकायची तेही मी मनात ठरवून ठेवलं होतं.

बेडरूमच्या भिंतीला बडे बाबूंनी नाक लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग खाली जाऊन वॉचमनशी कुजबुजत बोलून आले. झालं, मला वाटलं, सेटिंग चालली. वर येऊन ते पुन्हा त्याच भिंतीपाशी उभे राहिले.

"एवढ्याच भिंतीले नवा रंग. काहून?" मला म्हणाले.

ते ओल शोधतायत असं वाटून मालक घाईनं म्हणाला, "सीलन नहीं है साहब, कसम से।"

"सीलन का तो मैंने पूछा ही नहीं।"

त्यांनी खिशातून क्वार्टरची किल्ली काढली आणि रंगावर ओरखडा ओढला. पुट्टीचा पापुद्रा निघाला. आत बुजवलेली दोन भोकं होती, खाटेवर बसलेल्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर. मालक खिडकीच्या कट्ट्यावर बसला.

"अम्मा थीं," तो म्हणाला. "ढाई साल बिस्तर पर। यहाँ हैंडल लगाया था, पकड़ के उठती थीं। इसी कमरे में गईं। दो पार्टी को सच बताया, दोनों भाग गए। तो निकाल के पेंट मार दिया।"

दलाल माझ्याकडे बघत होता. मी बडे बाबूंकडे. आता ते 'चल' म्हणणार, हे घरही गेलं.

त्यांनी दोन्ही भोकांवरून बोट फिरवलं. "हैंडल है अभी?"

"जी?"

"फेंक तो नहीं दिया?"

मालकानं माळ्यावरून एक पिशवी काढली. आत स्टीलची दांडी होती, हातभर. बडे बाबूंनी ती मुठीत धरून पाहिली, अंगठा फिरवून गंज नाही ना ते पाहिलं, आणि म्हणाले, "मुझे दे दो।"

जिना उतरताना ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "फिनाईल, पावडर, औषध. रंग मारला तरी हा वास जात नाही. माह्या घरी चार वर्षांपासून हाच आहे. बायको आता दोरी धरून उठते, दोरीनं हात सोलतात तिचे." मग फाटकाशी थांबून म्हणाले, "वॉचमनले विचारलं, या घरात कोण आजारी होतं. म्हणे, आजी होती, पोरगा रोज तिचे केस विंचरून देत होता. घेऊन टाक हे घर."

एकच्या ठोक्याला ते घरी कशासाठी जायचे, हे मला तेव्हा कळलं. दीदींना मी कधीच सांगितलं नाही.

फ्लॅट घेतला. आई-बाबा आले. बडे बाबू वास्तुशांतीला आले, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून त्यांनी हवा हुंगली आणि पहिल्यांदाच काही न विचारता पानावर बसले.

पुढल्या वर्षी ते रिटायर झाले. क्वार्टर रिकामं करायच्या दिवशी मी सामान उचलायला गेलो. दार सताड उघडं होतं. आत एकटेच होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेली दांडी त्यांनी माझ्या हातात दिली.

"आता लागत नाही. ठेव तुझ्याजवळ." मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाले, "काहून ते विचारू नको."

ते मुलीकडे नागपूरला गेले. काही दिवस फोन लागायचा. मग लागेनासा झाला.

खिडकीतली शेतं आता दिसत नाहीत. या पावसाळ्यात बाबा पडले आणि कायमचे खाटेला लागले. मी माळ्यावरून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली. भिंतीवरचा तो किल्लीचा ओरखडा मी कधी रंगवला नव्हता. त्यातली दोन्ही भोकं मोकळी केली आणि दांडी बसवली.

बाबांनी हात लांबवला, धरली आणि स्वतःच उठून बसले.

"माप तर घेतलंच नाही तू," ते म्हणाले. "मग इतकी बरोबर काहून बसली?"