खुंटीवरचा बॉयलर सूट

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, ब्रिस्टल. हजर: मी, माझा नवरा आणि वॉटफर्डहून सकाळच्या ट्रेनने आलेली वहिनी. गैरहजर: दादा. तो मालवाहू जहाजावर थर्ड इंजिनीअर होता. सहा वर्षांपूर्वी ते जहाज बुडालं आणि कोणीच सापडलं नाही.

मी समुद्रावरची कादंबरी लिहिते आहे म्हटल्यावर लोक विचारतात, तुला जहाजातलं काय कळतं? काही नाही. मी विमानाच्या सुट्या भागांच्या कारखान्यात प्लॅनिंग करते. म्हणून लिहायच्या आधी बघायच्या गोष्टींची यादी केली आणि रविवारी हार्बरवर जाऊन एकेकीचा फोटो काढला. दोरांनी घासून धक्क्याच्या दगडात पडलेल्या खाचा. लोखंडी कड्या आणि त्यांच्याखाली गंजाचे ओघळ. ओहोटीला उघडा पडलेला नदीचा चिखल, सोललेल्या जनावरासारखा चकचकीत. फोटो छापले, क्रमांक घातले, वरच्या छोट्या खोलीच्या, बॉक्सरूमच्या, भिंतीवर लावले. माझ्या कादंबरीतलं जहाज त्या भिंतीवर तयार झालं.

चौदा क्रमांकाचा फोटो मी काढलेला नाही. तो दादाने शेवटच्या दुपारी पाठवला होता. केबिनमध्ये खुंटीवर इंजिनरूममध्ये घालायचा केशरी बॉयलर सूट, शेजारी कपाट. खाली एक ओळ: "बघ, तुझ्या प्लॅनिंगपेक्षा जास्त हलतंय." कितीतरी दिवस मी तो नुसताच पाहिला. मग लक्षात आलं की सूट कपाटाच्या कडेला समांतर नाही. सूट सरळच लोंबणार. कलली होती ती खोली. मी पट्टीने रेषा मारल्या, कोनमापक लावला. अकरा अंश, डावीकडे. बाजूला पेन्सिलने लिहिलं: "लाट, की जहाजच कललेलं? प्रकरण नऊ, मृत्यू."

वहिनी राहायला येणार म्हणून यादी केली होती. चादरी, पापलेट, तिला स्टेशनवरून आणणं. सगळ्यावर टिक झाली. भिंत झाकणं यादीत नव्हतं, आणि पाहुण्यांची गादी बॉक्सरूममध्येच असते.

बॅग ठेवायला गेलेली वहिनी हाक मारली तरी खाली येईना. मी वर गेले. बॅग खांद्यावर तशीच घेऊन ती भिंतीसमोर उभी होती.

"वन्सं," ती म्हणाली. हा शब्द ती मला चिडवायलाच वापरते. आज सूर वेगळा होता. "माझ्या नवऱ्याला कोनमापक लावलास?"

"वहिनी, ते कादंबरीसाठी..."

"प्रकरण नऊ, मृत्यू. बरं झालं, तुझ्याकडे निदान नंबर तरी आहे. हे कशाला मोजलंस? सोपं करून सांग."

मी सांगितलं. लाटेने कललेलं जहाज पुन्हा सरळ होतं. पण बऱ्याच वेळाने काढलेल्या फोटोतही ते त्याच बाजूला, तेवढंच कललेलं दिसलं, तर बहुतेक आतला माल सरकलेला असतो. मग जहाज सरळ होत नाही. आणि इंजिनीअरला ते कळतं.

"म्हणजे त्याला माहीत होतं."

"एका फोटोवरून काही ठरत नाही, वहिनी."

कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं, मोठी लाट आली, सगळं काही मिनिटांत झालं, कोणाला काही कळायला वेळच मिळाला नसेल. सहा वर्षं वहिनी त्या एका वाक्यावर जगते आहे.

"अगं, मासे गार होतायत!" नवरा जिन्यातून ओरडला. "भांडण असेल तर जेवून करा, जोर तरी येईल." आम्ही दोघीही हसलो नाही.

वहिनी गादीवर बसली, फोन काढला. "मलाही पाठवला होता. तुझ्यानंतर दोन तासांनी. कोणाला दाखवला नाही."

दादाचा हसरा चेहरा. खांद्यामागे केशरी बाही आणि कपाटाची कड. खाली: "सगळं ठीक. जेवून घे." त्याखाली वहिनीने पाठवलेला अंगठा.

"मीटिंगमध्ये होते," ती म्हणाली. "अंगठा पाठवला आणि फोन पालथा ठेवला."

मी फक्त त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बाहीकडे पाहायचं टाळलं.

आम्ही जेवलो. पापलेटात मीठ कमी आहे, एवढंच वहिनी बोलली. रात्री राहणार होती, ती संध्याकाळच्या ट्रेनने निघाली. प्लॅटफॉर्मवर ती शेजारी उभी असतानाच माझ्या फोनवर मेसेज वाजला.

"तुला पाठवलाय तो फोटो," ती म्हणाली. "मोज. मला फोन करून सांगायचं नाही. पुस्तकात लिही, माझी तयारी होईल तेव्हा वाचेन. आणि मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. तुमच्या घरातलं 'सगळं ठीक' मला आता ओळखता येतं."

त्याला आता तीन आठवडे झाले. नवव्या प्रकरणात माझा इंजिनीअर केबिनमध्ये फोन हातात धरून उभा आहे. त्याला काय माहीत आहे ते मला माहीत नाही, म्हणून तो पुढे हलत नाही. फोटो मी छापून आणला, मागे पंधरा आकडा घातला आणि टेबलाच्या खणात पालथा ठेवला. कोनमापक त्याच्यावरच आहे.

या आठवड्याच्या यादीत तीन कामं होती. गाडीची वार्षिक तपासणी, एमओटी, झाली. डेंटिस्ट झाला. फोटो पंधरा, कोन मोजणे: बाकी.