म्हैस कामात बसत नाही

गेल्या वर्षीच्या पाडव्याला माझ्या म्हशीला दुसरा नंबर मिळाला. कारण काय, तर डावं शिंग उजव्यापेक्षा जरा खाली झुकलंय. हे कारण लाउडस्पीकरवरून अख्ख्या गल्लीला ऐकवणारे पंच म्हणजे महापालिकेचे जनावरांचे डॉक्टर. त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही कोल्हापूरचे लोक म्हशी पळवतो. म्हशीला भादरून अंगावर नक्षी काढायची, शिंगं रंगवायची, मोरपिसांचा तुरा आणि कवड्यांच्या माळा घालायच्या आणि रस्त्यावर आणायची. पुढे गाडीवर आपण, मागे म्हैस. दोरी नाही, काठी नाही. म्हैस नुसत्या आपल्या ओढीने धावली पाहिजे. माझ्या म्हशीचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव कळलं की कुणीही हाक मारेल आणि ती जाईल. ती कशी जाते ते मी पाहिलेलं आहे.

शाहूवाडीकडून लग्न होऊन आले तेव्हा सासरी एकही जनावर नव्हतं. पहिली म्हैस बाजारातून मीच आणली. दिवस कलेपर्यंत हुज्जत घातली. शेवटी विकणारा हात जोडून म्हणाला, "न्या बाई, पर आता गप बसा." आज गोठा भरलेला आहे आणि संध्याकाळी आमच्या दुधाच्या कट्ट्यावर पेला मिळायला उभं राहावं लागतं.

पाडव्याला गाडी चालवायचे मी आणि स्पीकरवर नाव यायचं आमच्या ह्यांचं. कागदावर मालक ते. एका वर्षी मी स्टेजवर चढून स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाला सुनावलं, "म्होरं जो पळवतो, नंबर त्याचा. कागद घरात ठेवा." एवढा आवाज चढवला की मंडळाने तिथल्या तिथे तसा नियमच केला. तो नियम मी केला, हे ध्यानात ठेवा.

तर हे डॉक्टर. शिरोळकडचा माणूस, पन्नाशीचा, बोलणं संथ. रोज संध्याकाळी माझ्याच कट्ट्यावर दूध प्यायला यायचे. दुसऱ्या नंबरानंतरही यायचे, जसं काही झालंच नाही. चरवी उंच धरून ओतली की दुधाला फेस जास्त येतो. त्यांच्या पेल्यात मी वर्षभर चार बोटं फेस घातला.

"वहिनी, फेस जरा जास्तच वाटतोय."

"म्हस आनंदात हाय, डॉक्टर."

ते मिशा पुसून हसायचे आणि पुन्हा फेसच प्यायचे.

सरकारी माणसाचं काम म्हणजे सही, असं मला वाटायचं. पण पेला हातात असताना यांचा फोन थांबायचा नाही. कुठे पिसाळलेलं कुत्रं, कुठे गटारीत पडलेलं वासरू, कुठे रस्त्यावर मेलेलं डुक्कर. कुणाला कुत्रं पाळायचा परवाना हवा, कुठे मटणावर शिक्का मारायला जायचं. प्रत्येक फोनला दोनच उत्तरं. "हे माझ्या कामात बसतंय," म्हटलं की पेला अर्धा ठेवून माणूस उठला. "हे कामात बसत न्हाय," म्हटलं की पेला पुरा. एकदा कुणीतरी शेजाऱ्याच्या कोंबड्याची तक्रार केली. डॉक्टर म्हणाले, "आरवतोय हे बसत न्हाय ओ. आजारी असला तर बसतंय." आणि फोन ठेवून मला म्हणाले, "आता बगा वहिनी, उद्या तो आजारी पडतोय." दुसऱ्या दिवशी खरंच तोच फोन आला, कोंबडा आजारी असल्याचा. डॉक्टर गेले, कोंबडा तपासला आणि ठणठणीत आहे असं सांगून आले.

यंदा मी इरेला पेटले होते. पहिला नंबर घ्यायचा आणि तो याच माणसाच्या तोंडून ऐकायचा. माझी जुनी मोपेड मोडीत गेली होती, म्हणून बॅटरीवरची नवी स्कूटर घेतली. तिला मागे बसणाऱ्यासाठी पायदान नव्हतं. गॅरेजवाला म्हणाला, बसवून देतो. मी मजुरीवरून भांडायला सुरुवात केली. शेवटी जुन्या मोपेडचा भोंग्यासारखा मोठा हॉर्न त्याच्यापुढे टाकला. "ह्यो घे आणि पायदान फुकट लाव." त्याने घेतला. सौदा जिंकला म्हणून मी घरापर्यंत हसत आले.

दुसऱ्या दिवशी सरावाला म्हैस बाहेर काढली. स्कूटर सुरू केली, आवाजच नाही. हॉर्न दाबला तर कोंबडीच्या पिलागत चिवचिव. म्हैस जागेवर उभी. मी हाका मारल्या, जीभ टाळ्याला लावून टॉक टॉक केलं, शेवटी शिव्या घातल्या. तिने शांतपणे शेण टाकलं. आठवडाभर हेच. पाडवा चार दिवसांवर आला आणि भादरलेली, नक्षी काढलेली माझी म्हैस पाऊल हलवेना.

त्यात त्या दिवशी सकाळी ती गोठ्यातून गायब झाली.

गल्लीत एकाने सांगितलं, "कोंडवाड्याच्या गाडीबरोबर बघितली." कोंडवाडा म्हणजे मोकाट जनावरं धरून ठेवायची पालिकेची जागा आणि त्या कोंडवाड्याचे साहेब हेच डॉक्टर. माझ्या डोक्यात लगेच सगळं जुळलं. शिंगाला नाव ठेवून भागलं नाही, आता म्हैसच उचलली! पदर खोचला आणि गेले. फाटकातूनच सुरुवात केली.

"डॉक्टर! भाईर या! कुठल्या कायद्यात भादरलेली म्हस मोकाट असती ओ? तिची नक्षी दिसली न्हाय व्हय तुमास्नी?"

डॉक्टर चहाचा कप घेऊनच बाहेर आले. "वहिनी, आमी धरली न्हाय तिला."

"मग काय रिक्षा करून आली?"

गाडीचा ड्रायव्हर मध्ये पडला. "शप्पत मावशी, मागनं आलीया. आमी पळतोय म्होरं आणि ही मागं. मी गाडी जोरात काढली तर ही बी जोरात. रस्त्यावरची माणसं हसायला लागलीती."

मला पटलं नाही. मी म्हणाले, गप सोडा. डॉक्टरांनी कप खाली ठेवला आणि अडचण सांगितली. सोडल्याची पावती करायची तर आधी दंड लागतो, दंड लावायचा तर जनावर धरलेलं लागतं आणि हे तर धरलेलं नाही. "आपल्या पायानं आलेली म्हस माझ्या कामात बसतच न्हाय, वहिनी."

"बसत न्हाय तर मी उभ्यानं नेते."

"न्या की," ते म्हणाले. "पावणी आलती, पावणी गेली. पावण्याला पावती कशाची?"

भांडणाला आलेल्या माणसाला असं सरळ उत्तर मिळालं की फार त्रास होतो. मी आत जाऊन म्हशीला हाक मारली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि रवंथ चालू ठेवला. तेवढ्यात ड्रायव्हरने गाडी वळवायला घेतली आणि हॉर्न दिला. पहिल्यांदा मोठा, मग घसा बसल्यासारखा खरखरत खाली येणारा. म्हशीचे कान उभे राहिले. ती मला ढकलून फाटकाकडे धावली.

तो घसा मी ओळखला. पावसाचं पाणी शिरून तो आवाज बसला होता, मोपेड माझ्याच अंगणात उभी असताना.

तिथून गॅरेज. गॅरेजवाला स्पॅनर पुसत म्हणाला, "मावशी, तुमीच दिलाय की. पालिकेच्या गाड्या आमच्याकडंच येत्यात. कोंडवाड्याच्या गाडीला हॉर्न नव्हता, लावला. पायदान चांगलं हाय न्हवं?"

संध्याकाळी डॉक्टर कट्ट्यावर आले तेव्हा मी पेला भरायच्या आधीच हॉर्न मागितला. बदल्यात नवा देते म्हटलं, दोन देते म्हटलं.

"गाडीला लागला म्हणजे पालिकेचा झाला. काढून देणं माझ्या कामात बसत न्हाय."

मी खाली बसले. पाडवा जाणार हे दिसत होतंच, पण त्याहून दुसरंच मनाला लागलं होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, म्हैस माझ्यामागे पळते. ती पळत होती एका भोंग्यामागे. तो मी पायदानापायी देऊन टाकला. हे मी रागाच्या भरात मोठ्याने बोलून गेले.

डॉक्टर म्हणाले, "आणि इतकी वर्षं हॉर्न कोण दाबत होतं, वहिनी?"

मी चरवी हातात घेतली. डोकं चालायला लागलं. सौद्यात समोरचा कशाला नाही म्हणतो ते बघायचं नसतं, कशाला हो म्हणतो ते बघायचं असतं.

"डॉक्टर, तुमची कामं सांगा बघू. सगळी."

ते बोटांवर मोजायला लागले. कुत्र्यांची लस. मोकाट जनावरं. मटणाची तपासणी. मेलेली जनावरं उचलणं. परवाने. साथ आली तर गोठ्यांची पाहणी. मी चरवी धरून ऐकत होते. "सणाला, मिरवणुकीला जनावरं जमली तर त्यांच्या देखभालीला गाडीसह हजर राहणं..."

"थांबा. गाडीसह?"

"गाडीसह."

"गाडी उभी ठिवायची का चालवायची?"

डॉक्टरांनी विचार केला. "ते लिहिलेलं न्हाय."

"जनावराच्या मागं का म्होरं?"

आता त्यांच्या लक्षात आलं. मिशी हलली. "ते बी लिहिलेलं न्हाय."

"आणि हॉर्न?"

"गरजेप्रमाणं."

"मग बसतंय की ओ!"

"बसतंय," ते म्हणाले. "पर एक हाय. माझ्या गाडीमागं पळणाऱ्या म्हशीचा पंच मला व्हता येणार न्हाय."

मी आतून उडीच मारली. त्यांच्या तोंडून नंबर ऐकायचा राहिला तर राहिला, पण शिंगाला नाव ठेवणाराच बाजूला झाला. एका सौद्यात दोन फायदे. वरून मात्र तोंड पाडून म्हटलं, "तुमी म्हणताय तर तसं."

पाडव्याला ऊन छान पडलं होतं. गल्लीत दोन्हीकडे माणसं, गच्च्यांवर माणसं. सायलेन्सरच्या पुंगळ्या काढलेल्या मोटारसायकली फाडफाड करत गेल्या, मागून म्हशी गेल्या, घुंगरांचा आवाज गेला. आणि मग आली कोंडवाड्याची निळी गाडी. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी मी, नऊवारीत, हात हॉर्नवर. मागे जनावरं धरून ठेवायच्या जाळीत डॉक्टर, गज धरून उभे, डोक्याला मंडळाने बांधलेला फेटा.

गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "आरं, डॉक्टरला धरून न्यायलीत!"

"चावलं कुणाला?"

"लस टोचलीया का बघा आधी!"

डॉक्टर जाळीतून हात हलवत होते. मी हॉर्न दाबला. मोठा आवाज, मग खरखर. मागे बघितलं तर मोरपिसांचा तुरा गच्चकन हलला आणि माझी म्हैस निघाली. अशी ती कधीच पळाली नव्हती. पाठीवरची नक्षी उन्हात चमकत होती, कवड्या उडत होत्या, माणसं भिंतीला चिकटत होती. ड्रायव्हर ओरडत होता, "मावशी, गाडी सरकारी हाय, जरा हळू दाबा!" मी दाबतच राहिले. खिडकीतून अर्धी बाहेर आले होते. हसत होते का रडत होते, मला सांगता येणार नाही. घसा मात्र दुसऱ्या दिवशी त्या हॉर्नसारखाच बसला.

यंदा पंच होते शेजारच्या तालमीचे वस्ताद. त्यांनी माइक हातात घेतला. "पहिला नंबर..." सगळी गल्ली पुढे सरकली. "कोंडवाडा!"

हशा असा उसळला की म्हशी बुजल्या. मी स्टेजवर चढले. "वस्ताद, म्हस माझी, हॉर्न माझा, हात माझा!"

"व्हय. पर गाडी कुणाची?" वस्ताद शांत. "म्होरं जो पळवतो, नंबर त्याचा. नियम कुणी करायला लावलाय, ह्याच स्टेजवर चढून?"

मला आयुष्यात स्वतःच्याच आवाजाने गप्प केलं ते तेवढ्या वेळी. डॉक्टर जाळीतून उतरून आले आणि पालिकेच्या वतीने त्यांनी बक्षिसाची ढाल घेतली. फोटोत म्हैस मध्ये आहे, एका बाजूला डॉक्टर हसतायत, दुसऱ्या बाजूला मी. माझं तोंड बघून लोक विचारतात, तुम्ही हरलात का?

ढाल आता कोंडवाड्याच्या कचेरीत भिंतीवर आहे. मी मागितली. उत्तर तुम्हाला माहीत आहे. पण डॉक्टर पुढे म्हणाले, "पुसायला येत जावा की. साफसफाई कामात बसतीया."

म्हणून सोमवारी दूध वाटून झालं की मी मऊ फडकं घेऊन कोंडवाड्यात जाते आणि माझी ढाल पुसते. म्हैसही येते, मी आणत नाही, ती येते. ड्रायव्हर तिला बघून मुद्दाम एकदा हॉर्न देतो आणि ती मान वर करते. डावं शिंग मी रोज बघते. ते झुकलेलं नाही. हे डॉक्टरांकडून वदवून घेईपर्यंत त्यांच्या पेल्यात फेस राहणारच. चार बोटांचा मात्र आता दोन बोटांचा केलाय.