चिरलेलं फूल

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या देवपूजेत भोक पडलेलं फूल चालत नाही. किड्यानं, पाखरानं तोंड लावलं की ते उष्टं. यावलजवळच्या आमच्या मळ्यातल्या घरापुढे मी टिकोमाचं झाड लावलं, पिवळ्याधमक घंटीसारख्या फुलांचं. नाना खूश होते. पण एके सकाळी परडी घेऊन गेले ते तणतणतच परत आले. एकूणएक फुलाच्या बुडाशी चीर होती.

चोर मला आधीच ठाऊक होते. लग्नाआधी देवपूरला शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, तेव्हापासून फुलांपुढे तासन् तास उभं राहायची खोड आहे. शिंजीर बुडाशी चोच खुपसतो, काळा भुंगा तिथेच चीर पाडतो, आणि दोघंही मध पिऊन पसार होतात. परागाला शिवतही नाहीत. पण दोष एकट्या त्यांचाच कसा? फुलाची नळी लांब, आणि भुंगा हा असा दांडगा. दारातून शिरता येत नसेल तर माणूसही खिडकी शोधतोच की. शेजारच्या शेवग्याचं फूल उघडं असतं, तिथे एकालाही भोक नव्हतं.

नानांना हे पटेना. भुंगे राहायचे गोठ्यामागच्या जुन्या बांबूंमध्ये, गोल भोकं पाडून. दुसऱ्याच दिवशी मळ्यात भरिताची पार्टी होती. आमच्याकडे भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात. काड्या पेटवायच्या आधी नानांनी फर्मान काढलं, "ते बांबू पयले टाका जाळात."

माझं डोकंच फिरलं. मी सरळ जाऊन त्या बांबूंवर बसले. पाहुणे टकामका बघताहेत, सासूबाई डोळे वटारताहेत, आमचे हे तर भलतीकडेच बघताहेत. रागात माझी माहेरची अहिराणी बाहेर पडली, "मी काय उठाव नही."

नाना आले. "काहून बसली व बाई? ऊठ."

"नाना, वांग्याचं फूल बघितलंय कधी नीट? पराग कोंडलेला असतो त्यात, शेंड्याला बारीकसं छिद्र. साधी मधमाशी येते आणि हात हलवत जाते. हा भुंगा फुलाला लटकून अंग थरथरवतो, तेव्हा तो पराग सांडतो आणि वांगी चांगली धरतात. टिकोमावर चोर असेल, वांग्यात तो राबतो. त्याला जाळून त्याच्याच कष्टाचं भरीत खायचं तर खुशाल खा. मी नाही जेवणार."

"अन् देवाचं फूल?"

"शबरीची उष्टी बोरं रामानं खाल्लीच ना?"

"तो राम होता," नाना म्हणाले. "मी नाई."

पाहुणे हसले, नाना हसले नाहीत. बांबू मात्र वाचले. मी खरंच जेवले नाही, आणि मला कोणी आग्रहही केला नाही. सासूबाईंनी कितीतरी दिवस अबोला धरला. वाईट वाटलं, मोरीत जाऊन रडलेही. पण माफी मागितली नाही. कशाची मागायची?

यंदा पुन्हा पार्टी झाली. काड्या कमी पडल्या म्हणून एक पाहुणे गोठ्यामागे वळले. नाना खाटेवरूनच म्हणाले, "त्या बांबूले हात नका लावू. सुनेचं माहेर हाये ते."

माहेर तर माहेर. टिकोमाचं चिरलेलं फूल मी रोज सकाळी देवाला वाहते, नानांच्या देखत. ते उचलून बाजूला ठेवतात. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाहते.