माशा नसलेलं पाणी

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या गुराख्यांत बिडी कॉर्कोरनचा विषय निघाला की कुणीतरी म्हणायचंच, "म्हातारीच्या अंगावर माशी बसत नाही हो!" म्हणजे बाई तल्लख, तिला गंडवणं कठीण. चपळ बैल शेपूट नि कातडी सारखी हलवतो, त्याच्यावर माशी टिकत नाही. पेंगणाऱ्यावर मात्र बिऱ्हाड थाटते. हे बोलणं तिथूनच आलं, असं गुराखी सांगत. प्रत्यक्षात बिडीच्या अंगावर चारचौघांइतक्याच माशा असत. ती तांड्याची स्वयंपाकीण. राखेत भाजलेल्या भाकरीवर तिनं काकवी ओतली, की भाकरी तोंडाशी जाईपर्यंत तिच्यावर मनुके पेरलेले दिसत. फुंकर मारली की मनुके उडून जात, एवढंच.

एका दुष्काळात तांड्याचे पाचशे बैल दोन दिवस पाण्यावाचून चालत होते. रिवाजाप्रमाणे बिडीची गाडी पुढं गेली, पाण्याशी चूल मांडायला. पाणवठा काठोकाठ भरलेला होता. जवळ जाताच तिच्या पाठीवरच्या माशा एकदम उठल्या आणि मागं निघून गेल्या. सगळ्या. साठ वर्षांत एवढी शांतता तिच्या कानांवर कधी पडली नव्हती.

तांड्याचा मुकादम हॅनिगन घोडा दौडवत आला.

"बिडीबाई, चूल कुठाय? वारा फिरून बैलांना पाण्याचा वास लागला, तर माझ्या बापालाही आवरायचे नाहीत!"

"बैल वळवा, मालक. हे पाणी नको."

"ऊन लागलंय का तुम्हाला? पुढचं पाणी दहा मैलांवर! निम्मे वाटेत पडतील."

"इथं प्याले तर सगळे पडतील."

बिडीनं भाकरीवर काकवी ओतून ती काठावरच्या दगडावर ठेवली. दोघं बघत राहिले. काकवी नुसती चमकत होती. पाण्यावर तरंग नाही, झाडावर पाखरू नाही. हॅनिगननं एकदा झटकन मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

"वळवतो," तो पुटपुटला.

वळसा घालताना पलीकडच्या काठावर एका गाडीच्या चाकांच्या खुणा दिसल्या. त्या पाण्यात उतरल्या होत्या. वर आलेल्या कुठंच नव्हत्या.

दहा मैलांत अकरा बैल पडले. बाकीचे पुढच्या पाण्याशी पोचले, तेव्हा हॅनिगनच्या नाकावर माशी येऊन बसली. एरवी शिव्यांची लाखोली वाहणारा गडी. जागचा हलला नाही.

"हाकला की, मालक."

"राहू दे बाई," तो हळूच म्हणाला. "बसू दे तिला."