गणू कंडक्टरचा चोर

देवीदासकाका गेल्याचा फोन शाळेत आला, आणि रडू येण्याआधी मला हायसं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. बरं झालं बाई, गेल्या महिन्यात त्यांना आमच्या तांड्यावर नेलं… नाहीतर जन्मभर मला ते खात राहिलं असतं.

काका नरसीचे. दिवसा कारकुनी करायचे आणि उरल्या वेळात चित्रकथा लिहायचे. चित्रं दुसरा कुणी काढायचा. त्यांचा नायक गणू कंडक्टर, एसटीत चोर पकडणारा. नव्वदच्या दशकात सेनगावच्या स्टँडवर ती पुस्तकं मिळायची. माझा बा निरक्षर, तरी दर बाजाराला माझ्यासाठी एक घेऊन यायचा. चोर गाडीतून उडी मारून पळतो तेव्हा गणू दारात उभा राहून ओरडतो, "पळ लेका, पण तिकीट पुढच्या गावचं हाय तुझं, वाया जाईल!" एका वाक्यात अख्खा माणूस उभा करायचे काका. मी तर वेडीच झाले होते त्यांच्या लिहिण्यापायी.

एकच गोष्ट टोचायची. चोर बहुतेक वेळा तांड्यावरचा असायचा, आणि आमी तांड्यावरचेच. बाला वाचून दाखवताना मी गुपचूप त्याला 'शहरातला चोर' करून टाकायची. सातवीत असताना धीर करून काकांना पोस्टकार्ड टाकलं, 'चोर आमच्यातलाच काहून?' उत्तर आलं नाही. पुढं मी शिक्षिका झाले, नरसीला जाऊन त्यांना शोधून काढलं, जाणं-येणं वाढलं. कार्डाचा विषय मात्र दोघांनीही कधी काढला नाही.

दम्यानं काका अगदी खंगले तेव्हा एक दिवस एकदम म्हणाले, "तुझं कार्ड हाय माझ्याजवळ. तवा लई राग आला होता. मग आपल्याच गोष्टी काढून वाचल्या… तुझं बराबर होतं पोरी. तांडा कधी डोळ्यानं पाहिला न्हाई, अन् चोर तिथले रंगवले. दर बाजाराला माझं पुस्तक नेणाऱ्या तुझ्या बापाची माफी मागायची हाय मला."

बाला यातलं काही माहीत नव्हतं. म्हातारपणी त्याचं मन कशाला दुखवायचं? पण काका ऐकतात थोडेच! शेवटी जीप करून नेलं.

बाजेवर बसून काकांनी हात जोडले, धापा टाकत सगळं सांगितलं. मी खाली मान घालून उभी. आणि बा चक्क हसायला लागला.

"मला ठावं हाय की," डोक्यावरच्या लाल पागोट्याला हात लावून तो म्हणाला. "वाचता येत न्हाई, पण चित्रं तर दिसतात ना मला. चोराच्या डोक्यावर हेच असायचं."

"मग काहून आणत होतास रे दर बाजाराला?" मला रडूच फुटलं.

"तू वाचताना चोर बदलायचीस, ते ऐकायला."

काका डोळे पुसून म्हणाले, "आज मलाबी तसंच वाचून दाखव." बानं पेटीतून एक पुस्तक काढून दिलं. त्यांचीच गोष्ट मी त्यांच्यासमोर बसून वाचली, चोर बदलून… आणि काका मान डोलवत ऐकत राहिले.