वरातीच्या घोडीची ढांग

आमची घोडी वरातीची. बाबा गढा या आमच्या वस्तीत कित्येक वर्षं तिच्यावर नवरदेव मिरवतात, त्यामुळे बँडच्या मागे इंचाइंचाने ठुमकत सरकायची तिला सवय. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. तिथे लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी घोडे तयार करणारे एक सर भेटले. बिचकतच विचारलं, आमची घोडी शिकवाल का?

त्यांनी तिला पाहिलं. "टाँगें अच्छी हैं, बेटा. लेकिन ये चलती नहीं, नाचती है." मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशापलीकडे पडायला हवा, म्हणाले. रविवारपर्यंत जमलं तर आम्ही दोघी त्यांच्या तुकडीत.

मग रोज सकाळी मातीचा रस्ता. टाच मारली की ती दुडक्या चालीने पळे, लगाम ओढला की जागीच ठुमके. मागचा ठसा वीतभर अलीकडेच. शनिवारी मला रडूच येत होतं.

बाबा बाजूने चालत होते. "तू काहून तिची मान आवळून राहिली?"

"तुम्हीच शिकवलं ना, मान ताठ ठेवायची."

"ते फोटोसाठी. इथं कोण नवरदेव आहे? सोड."

भीत भीत मी लगाम बोटांतून सरकू दिला. घोडीने मान लांब केली, फुरफुरली आणि निघाली. प्रत्येक पावलाला तिचं डोकं खालीवर, आणि माझी कंबर झोक्यावर बसल्यासारखी. मला हसू फुटलं, ते थांबेचना. डोकं अगदी हलकं झालं होतं. वळून पाहिलं तर बाबा लुंगी सावरत मागून पळत होते. मग ते ठशांपाशी उकिडवे बसले, बोटं टेकवली. मागचा ठसा चार बोटं पुढे. त्यांनी पुन्हा मोजलं. मग तेही हसायला लागले.

रविवारी सर आपल्या घोड्यावर पुढे होते. लगाम मी सैलच ठेवला. अर्ध्या तासात आमची घोडी, एकदाही न दुडकता, त्यांच्या बरोबरीला आली. सरांनी वाकून तिचे पाय पाहिले. "अगले इतवार, छह बजे. देर मत करना."

मी तीनदा "जी सर" म्हणाले.

बाबांना सांगितलं. त्यांनी घोडीची पाठ पुसून काढली. मग म्हणाले, "चलो. रविवारच्या नवरदेवाले सांगतो, पायी जा, घोडी कामात आहे."